रविवारचं मराठी

परदेशी शिकायला जाणं म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर एकच वाट येते. इथून तिकडे जाणारी. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या आणि तिथल्या संस्थेत माणसांच्या कवट्या मोजत पीएच.डी. झाल्या. या सगळ्यांच्या अभ्यासाबद्दल, पदव्यांबद्दल आपण पुष्कळ वाचलेलं असतं. त्यांच्या सुट्टीच्या दिवसांबद्दल मात्र थोडंच. आनंदीबाई सुट्टीत रोझेल गावी कार्पेंटर मावशींच्या घरी जात. त्या घरात त्यांनी जे पाहिलं, खाल्लं, ऐकलं, तेही शिक्षणच होतं. बाबासाहेबांचा सुट्टीचा वेळसुद्धा ग्रंथालयात आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचा, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. कुणाची सुट्टी कशात जाते, यावरून तो माणूस कशाचा भुकेला आहे ते कळतं.

पण आज मला बोलायचंय ते उलट्या वाटेबद्दल. तिकडून इकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल. आपल्याकडे काय शिकायला येणार कुणी, असं वाटत असेल, तर सांगतो : मराठी शिकायला येतात. आणि आज येत नाहीत, चारशे वर्षांपूर्वीपासून येतात. फादर स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात उतरले. इथल्या लोकांची भाषा शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहून १६१६ साली छापून मोकळे झाले. कंपनी सरकारच्या फौजेतल्या मोल्सवर्थ साहेबांनी १८३१ साली मराठी–इंग्रजी कोश काढला. १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. आजही एखादा शब्द अडला, की जाणकार मंडळी तोच कोश उघडतात.

अलीकडच्या काळातलं नाव सांगायचं, तर मॅक्सिन बर्नसन. या अमेरिकन बाई १९६०च्या दशकात भारतात आल्या, फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर त्यांनी पीएच.डी. केली, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणलाच ‘प्रगत शिक्षण संस्था’ उभी केली. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकता यावं म्हणून त्यांनी पुस्तकं केली, ती जाई निंबकरांच्या सोबतीनं. आणि जाई निंबकर या इरावतीबाईंच्या कन्या. म्हणजे पाहा, आई शिकायला बर्लिनला गेली, आणि मुलीनं तिकडून येणाऱ्यांसाठी मराठीची पुस्तकं केली. वाट दोन्हीकडून वाहती आहे.

अशाच एका विद्यार्थिनीची ही गोष्ट. तिचं नाव सांगत नाही. आमच्या घरी तिला सगळे ‘पाहुणी’च म्हणतात. वय बावीस-तेवीस. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून मराठी शिकायला पुण्यात आलेली. माझ्या एका मित्राच्या घरी ती राहायची. मी जव्हारचा, पोस्टात नोकरी करणारा, बी.ए.पर्यंत शिकलेला आणि मराठीत कविता लिहिणारा माणूस. मित्राचा फोन आला, “पोरीला वारली चित्रं आवडतात, ती माणसं कुठं राहतात ते बघायचंय म्हणते. शनिवार-रविवार तुझ्याकडे पाठवू का?” मी म्हटलं, पाठव.

सोमवार ते शुक्रवार तिचा वर्ग चालायचा. वर्गात विद्यार्थी पाच. सकाळी व्याकरण, मग वाचन, मग श्रुतलेखन, मग संभाषण. शुक्रवारी दुपारी पिशवी भरली, की ही निघाली. एका आठवड्यात सिंहगड, एकात आळंदी, एकात जेजुरी, एकात वाई. मी विचारलं, “थकत नाहीस का?” तर म्हणाली, “काका, जावं लागतं. सोमवारी वर्गात बोलायचं असतं.”

त्यांच्या बाईंनी नियम घालून दिला होता. सोमवारी प्रत्येकानं उभं राहून दहा मिनिटं सांगायचं, शनिवार-रविवारी काय केलं. त्यातली मेख लक्षात घ्या. काय केलं हे सांगायचं, म्हणजे भूतकाळ आला. आणि मराठीचा भूतकाळ हा परदेशी माणसाचा घाम काढणारा प्रकार आहे. ‘मी गेले’ म्हणताना क्रियापद माझ्यासारखं चालतं. ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना ते माझं ऐकत नाही, भाकरीचं ऐकतं. लाडू खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. खाणारी तीच, पण जे खाल्लं त्याच्याप्रमाणे तोंड बदलायचं. आपल्याला हे आईच्या मांडीवर मिळालेलं असतं, म्हणून त्यातली कसरत जाणवत नाही. तिला प्रत्येक वाक्याआधी थांबून ठरवावं लागे, की समोरची वस्तू ‘तो’ आहे, ‘ती’ आहे की ‘ते’ आहे.

गणपतीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली. पुण्याहून नाशिक, तिथून त्र्यंबक, मोखाडा करत जव्हार. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या जीपवाल्याला घेऊन आम्ही दाभोशाला निघालो. जव्हारपासून विसेक किलोमीटर. लेंडी नदी तिथं सुमारे तीनशे फुटांवरून खाली उडी घेते. पावसाळ्याचे ते दिवस. खाचरांत भात उभा, उतारावर नागली आणि वरई, आणि धबधब्याचा आवाज दिसण्याच्या आधी ऐकू येणारा. शनिवार-रविवार असला, की मुंबई-ठाण्याकडच्या गाड्या रांगेनं लागतात. मंडळी येतात, फोटो काढतात, भिजतात आणि जातात. त्यांना नावं ठेवायची नाहीत. आठवडाभर लोकलला लटकणाऱ्या माणसाला चार थेंब अंगावर घ्यायचा हक्क आहे. एवढंच सांगतो, तिथल्या डोहाचा अंदाज पोहणाऱ्यालाही येत नाही. बघावं आणि काठावरून परतावं.

आम्हाला जायचं होतं ते पाड्यावर. तिथल्या एका घरी माझं पोस्टामुळे जुनं येणं-जाणं. घरात म्हातारी आजी आणि तिची नात. नात आश्रमशाळेत नववीत, सुट्टी म्हणून घरी आलेली. आजीनं आम्हाला ओटीवर बसवलं. पाहुणीनं तयार करून आणलेलं वाक्य म्हटलं, “मी धबधबा पाहिले.”

नात चटकन म्हणाली, “पाहिला. तो धबधबा.”

पाहुणी खूश झाली. “धन्यवाद, बाई,” म्हणाली. नववीतल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बाई म्हटलं असेल. ती तोंडावर ओढणी घेऊन आत पळाली आणि पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

मग आजीनं भाकऱ्या केल्या. पाहुणीनं पिठाकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय आहे?” आजी म्हणाली, “नागली.” नात लगेच दुरुस्त करून म्हणाली, “नाचणी म्हणायचं.” पाहुणीनं तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, “पण आजी नागली म्हणाल्या.” नात म्हणाली, “ते घरचं. पुस्तकात नाचणी आहे.”

पाहुणीनं मोबाइल काढला. तिच्या मोबाइलवर तो मोल्सवर्थचा कोश होता. तिनं शोधलं आणि मोबाइल मुलीसमोर धरला. कोशात नागली होती. ज्या वर्षी तिकडे बंडाची धामधूम चालली होती, त्या वर्षीच्या कोशात दाभोशाच्या आजीचा शब्द छापलेला. मुलीनं तो दोनदा वाचला. मग आजीला वाचून दाखवला. आजीला त्यात काही विशेष वाटलं नाही. नागलीला नागलीच म्हणतात, त्यात छापायचं काय, असा तिचा चेहरा. मुलीला मात्र ते मोठं वाटलं. का, ते सांगतो.

आमच्या जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा जमातींचे लोक राहतात. प्रत्येकाच्या बोलण्याचा बाज वेगळा. पाच-सहा वर्षांचं पोर पाड्यावरून उठून शाळेत येतं, तेव्हा त्याला पहिला धडा मिळतो, तो घरचे शब्द बाजूला ठेवण्याचा. कुणी मुद्दाम छळतं असं नव्हे. शिक्षकाची बदली कुठून तरी झालेली असते, त्याला या बोलीचा गंध नसतो. पोर घरच्या शब्दात बोललं, की वर्ग हसतो. मग पोर गप्प बसायला शिकतं. आपण म्हणतो, आदिवासी मुलं अबोल असतात. जंगलात त्यांच्याबरोबर चालून बघा, किती बोलतात ते. मला तर वाटतं, परदेशी शिकायला जाणं म्हणजे हेच असेल, तर ही मुलं घरापासून विसेक किलोमीटरवर परदेशी शिकतात. सोबत ना शिष्यवृत्तीचा थाट, ना ‘वा, किती छान बोलतेस’ असं कौतुक.

हे ज्यांना कळलं होतं, अशी माणसं आपल्याच भागात होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं आणि पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, कारण गुरं राखायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा असं तिचं नाव. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली बसलीयत, आणि पानं, बिया, खडे हीच शिकण्याची साधनं. वर्ग आणि भटकणं यांच्यामधली भिंत त्या बायांनी काढून टाकली होती. पुण्याच्या त्या बाईंचा सोमवारचा नियमही त्याच कुळातला. बाहेर जा, बघा, आणि येऊन आपल्या तोंडानं सांगा. आश्रमशाळेतल्या मुलांना सुट्टीनंतर कुणी विचारलं, घरी काय केलंस, काय खाल्लंस, तुझी आजी त्याला काय म्हणते, तर तेवढ्यानंसुद्धा पुष्कळ होईल. त्यासाठी सरकारी आदेश लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

भाकऱ्या झाल्या. आजी म्हणाली, “चला, आपण जेवू.” पाहुणी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “काका, आपण म्हणाल्या. म्हणजे मीसुद्धा?”

मी म्हटलं, “हो. भाकऱ्या मोजूनच केल्यात.”

तिच्या प्रश्नाला कारण होतं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा तिच्या वर्गातला सगळ्यात अवघड धडा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. आपल्या मराठीत दोन. ‘आम्ही जेवतो’ म्हटलं, की ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण जेवू’ म्हटलं, की ऐकणाऱ्यानं हात धुवायला उठायचं. प्रमाण हिंदीतला ‘हम’ हा भेद करत नाही. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहे. तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’ आहे, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनम’ आहे. हा भेद मराठीत दक्षिणेकडच्या शेजारातून मुरला असावा, असं भाषेचे अभ्यासक म्हणतात. कुठूनही येवो, एका शब्दात माणसाला आत घेता येतं किंवा बाहेर ठेवता येतं, ही आपल्या भाषेची ताकद आहे. पुस्तकात हा नियम दोन ओळींत संपतो. कोण कुणाला कधी ‘आपण’ म्हणतं, हे मात्र पुस्तकात नसतं.

मला हा नियम लहानपणापासून ठाऊक आहे, आणि तो पुस्तकातून ठाऊक नाही. आमच्या घरात अम्मी-अब्बांशी बोलायची ती हिंदी-उर्दूची मिसळ. गल्लीत पोरांबरोबर जव्हारी मराठी. शाळेत पुस्तकी मराठी. या तिन्हींत मी राहिलो, आणि कविता मराठीत आली, कारण ती दुसऱ्या कुठल्या भाषेत येईचना. त्यात नवल काही नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी शतकांपूर्वी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथून पुढे तर आमच्यासारख्यांची रांगच लागली. तरी अजूनही कार्यक्रमात कविता म्हणून खाली उतरलो, की कुणीतरी प्रेमानं हात हातात घेऊन म्हणतं, “तुम्ही मराठी किती छान बोलता!” एकदा एका गावी संयोजक आभार मानताना म्हणाले, “यांचं मराठी ऐकून आम्हाला अभिमान वाटला.” माणूस सज्जन होता, शब्द मनापासून होते. पण त्या ‘आम्हाला’मध्ये मी नव्हतो. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि शेवटच्या गाडीनं घरी आलो.

गंमत अशी, की त्या दोन दिवसांत हेच वाक्य आम्हा दोघांनाही ऐकायला मिळालं. धबधब्यावर मुंबईचं एक कुटुंब भेटलं. पाहुणीचं बोलणं ऐकून त्यांना कोण आनंद झाला. तिच्याबरोबर फोटो काढले. मग माझ्याशी बोलणं झालं, नाव विचारलं. मी नाव सांगितलं. “अरे वा, तुमचंही मराठी छान आहे,” ते म्हणाले. मी म्हटलं, “तुमचंही छान आहे.” ते क्षणभर गोंधळले, मग हसले, मीही हसलो.

परतताना पाहुणीनं विचारलं, “काका, तुम्हाला राग येतो?” मी म्हटलं, “तरुणपणी यायचा. आता उत्तर येतं.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मला ते वाक्य बक्षीस वाटतं. तुम्हाला ते परीक्षा वाटतं.” तिचं लिंग-वचन त्या वाक्यात एकदाही चुकलं नाही.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. दर्जा मिळाला तो भाषेच्या वयाला, तिच्यातल्या जुन्या ग्रंथांना. पण भाषा ग्रंथांत राहते तशी ती आजीच्या तव्यावरही राहते, कुरणात राहते, दर्ग्याच्या उरुसात राहते, बोहाड्याच्या सोंगांत राहते. एखादी परदेशी मुलगी सात समुद्र ओलांडून ती शिकायला येते, तिला आपण चुकत-माकत बोलू देतो, थांबून ऐकतो, चुकलं तर हसून सांगतो. तेवढाच धीर आपण दाभोशाच्या पोरीला आणि माझ्या शेजारच्या मोहल्ल्यातल्या पोराला दिला, तर मराठीचं काही कमी होणार नाही. उलट कोशात चार शब्द वाढतील.

रविवारी दुपारी आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो, कारण आश्रमशाळेत परतायला त्या मुलीलाही जव्हारपर्यंत आमच्याच जीपनं यायचं होतं. तिच्या पिशवीत आजीनं दिलेलं नागलीचं पीठ, आणि पाहुणीच्या पिशवीतही. दोघी मागे बसल्या. पाहुणीनं वही काढली. मुलगी घरचे शब्द एकेक करून सांगत होती आणि पाहुणी लिहून घेत होती. सुरुवातीला मुलीचा आवाज बारीक होता. घाट चढेपर्यंत ती पाहुणीच्या वहीत डोकावून म्हणू लागली, “असं नाही, तिथं मात्रा द्या.”

जव्हार जवळ आलं तेव्हा मुलीनं विचारलं, “तुम्हाला रविवारी घरी जाता येत नाही ना?”

“नाही,” पाहुणी म्हणाली. “फार लांब आहे.”

मुलीला तिची दया आली. “मला सणाला तरी जाता येतं,” ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, “पुढच्या सुट्टीत या. आपण कणसं भाजू.”

पाहुणीनं या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं ते वाक्य वहीत उतरवलं. सोमवारी वर्गात तिनं ते म्हणून दाखवलं, आणि बाईंनी फळ्यावर लिहिलं, असं तिनं फोनवर सांगितलं. शेजारी आणखी एक शब्द लिहिला होता म्हणे. नागली.